मदत हवी आहे: म्हापशाच्या बाजारात फोटो काढताना आधी विचारावं की नंतर?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोक रस्ता कसा वापरतात, कोण पायरीवर मांडून बसतं, कोण सावली धरून गप्पा मारतं, ह्यावर फोटोंची सिरीज करतोय. कॅमेऱ्याचं सेटिंग ठरलेलं आहे: ३५ एमएम लेन्स, अ‍ॅपर्चर एफ ८, फोकस दोनेक मीटरवर आधीच लॉक, शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नाही, त्यामुळे सेटिंगचा प्रश्न नाहीये. आधी विचारलं की विकणाऱ्या मावशी सरळ बसून कॅमेऱ्याकडे बघतात, आणि न विचारता काढणं मला पटत नाही, त्यांच्या पोटापाण्याची जागा आहे ती. लांबून झूम लावून बघितलं तर आजूबाजूचा बाजारच गायब होतो. फोटो काढून लगेच दाखवायचा आणि नको म्हटलं तर डिलीट, की आधी ओळख करून पुढच्या शुक्रवारी काढायचा, गोव्याच्या बाजारांत फोटो काढणाऱ्यांनो तुमच्याकडे काय चाललं?