पर्थेस, डावा खुबा, मुलगा साडेसात वर्षांचा. ऑपरेशन करावं की थांबावं? मदत हवी आहे

कुडाळकरीण

नमस्कार मंडळी. मुलगा दुसरीत आहे. पावसाळ्यापासून डावा पाय जरा ओढत चालायचा. कुठे दुखतं विचारलं की गुडघ्यावर हात ठेवायचा. खेळून आला की जास्त, सकाळी उठल्यावर काहीच नाही. गुडघ्याचा एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. वाढीचं दुखणं आहे, कॅल्शियम द्या, असं सांगितलं गेलं. सासूबाई रोज तेलाने पाय चोळत होत्या. लंगडणं काही जाईना.

शेवटी गोव्यात लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोराला पालथं झोपवलं, गुडघे दुमडले आणि दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला पडू दिली. उजवं सहज खाली गेलं, डावं अर्ध्यात अडकलं. म्हणाले, दुखतं गुडघ्यात पण रोग खुब्यात आहे. मग खुब्याचे दोन एक्स-रे: एक सरळ, एक बेडकासारखे पाय फाकवून. निदान पर्थेस. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलाय, तो ठिसूळ होऊन चपटा व्हायला लागलाय. ईएसआर, सीआरपी (शरीरात सूज किंवा जंतुसंसर्ग आहे का ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) नॉर्मल.

आता पेच असा. हे डॉक्टर म्हणतात मांडीचं हाड कापून त्याचा कोन बदलायचा, प्लेट बसवायची, आणि उशीर करायचा नाही. दुसरं मत घेतलं तर ते म्हणाले, दोन-चार वर्षांत आपोआप भरून येतं, उड्या बंद करा, पायाला पट्टा (ब्रेस) लावा. दोघेही अनुभवी. घरात रोज चर्चा, निर्णय नाही. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी काय केलं? आणि शाळेचं काय?

खुबेदार

मी हाडांचाच डॉक्टर आहे, पण एक्स-रे न बघता करा किंवा नको करू असं म्हणणार नाही. फक्त तुमच्या दोन डॉक्टरांत विरोध वाटतोय तितका नाही.

हाड भरून येतंच, ऑपरेशन केलं तरी आणि नाही केलं तरी. प्रश्न आहे कोणत्या आकारात भरतं त्याचा. गोळा ठिसूळ असण्याच्या काळात तो खोबणीत पूर्ण झाकलेला राहिला तर गोल भरतो, बाहेर सरकला तर कडेला दबून चपटा होतो. कोन बदलतात तो त्यासाठी. ते करायचं तर गोळ्याचे तुकडे पडण्याच्या अवस्थेच्या सुरुवातीला. तुकडे पडून गोळा बसून गेल्यावर फायदा फारसा उरत नाही, म्हणून ती घाई.

साधारण ६ वर्षांच्या आतली बहुतेक मुलं ऑपरेशनशिवाय चांगली होतात, कारण आकार सुधारायला पुढे बरीच वाढ शिल्लक असते. ८ च्या पुढे ऑपरेशनकडे कल जातो. तुमचा मुलगा नेमका अधल्यामधल्या वयात आहे, मतभेद इथेच होतात. शिवाय आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठ्या वयात सुरू होतो, त्यामुळे तिकडच्या वेबसाइटी वाचून 'बहुतेक मुलं आपोआप बरी होतात' यावर विसंबू नका.

डॉक्टरांना हे विचारा: गोळ्याच्या बाहेरच्या खांबाची, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या भागाची, उंची किती राहिली आहे (हेरिंगचा गट: ए म्हणजे पूर्ण, बी म्हणजे निम्म्याहून जास्त, सी म्हणजे निम्म्याहून कमी), गोळा बाहेर सरकतोय का, आणि मांडी किती फाकते. मांडी फाकतच नसेल तर आधी ती मोकळी करावी लागते, त्याशिवाय कोणतंही ऑपरेशन बसत नाही. पट्ट्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नॉर्वेत २००८ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात ६ वर्षांवरच्या, निम्म्याहून जास्त गोळा बाधित असलेल्या मुलांत पट्टा आणि नुसती फिजिओथेरपी यांत फरक दिसला नाही. ऑपरेशनचे निकाल त्या दोन्हींपेक्षा चांगले होते.

कॅल्शियमने पर्थेस बरा होत नाही. तेल लावा, खुबा मात्र जोराने रगडू नका.

वऱ्हाडी_बाप

ताई, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासलं का? आमच्या भाच्याला पर्थेसच म्हणत होते. रक्त तपासल्यावर सिकलसेल निघाला, त्यातही खुब्याचा गोळा असाच मरतो. इकडे विदर्भात डॉक्टर आधी तेच बघतात, कोकणात बहुधा लक्षात येत नसेल.

खुबेदार

अगदी योग्य मुद्दा. दोन्ही खुबे एकदम आणि सारखेच बिघडलेले दिसले तर थायरॉइडही बघावं. टीबीही डोक्यात ठेवावा लागतो, पण ताप नाही, वजन घटलेलं नाही आणि ईएसआर नॉर्मल, तेव्हा ती शक्यता कमी.

ठाण्याची_आई

आमच्या मुलाचं ऑपरेशन नवव्या वर्षी झालं. कोणी आधी सांगत नाही ते सांगते. प्लास्टरच्या काळात मूल रिक्षात बसत नाही, आडवं न्यावं लागतं. प्लेट काढायला पुन्हा एकदा भूल द्यावी लागते. पाय किंचित आखूड होतो आणि लंगडणं लगेच जात नाही, उलट सुरुवातीला जास्त दिसतं. मी घाबरून डॉक्टरांना फोन करत बसायचे. पुढे कमी झालं. शाळेला पत्र देऊन वर्ग तळमजल्यावर मागून घ्या आणि कमोडची सोय आहे का बघा. धावणं-उड्या बंद, पण पोहायला आणि सायकलला आम्हाला परवानगी होती. त्याच्यावर पोरगं तगलं. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला दाखल व्हायच्या आधीच विचारा.

कुडाळकरीण

सगळ्यांचे आभार. सिकलसेलची तपासणी केली, निगेटिव्ह आली. खुबेदार, तुमचे प्रश्न विचारले. गट बी, तुकडे पडायला नुकती सुरुवात, गोळा थोडा बाहेर. मांडी कमी फाकते, म्हणून सध्या घरीच वजन लावून ताण द्यायला आणि फिजिओ करायला सांगितलंय. नवऱ्याचं मत बरंच बदललंय, माझंही.

खुबेदार

या माहितीवर तुमच्या पहिल्या डॉक्टरांचा विचार मला पटतो. तरी एकदा तिसरं मत हवंच असेल तर तुम्हाला मणिपाल मुंबईपेक्षा जवळ पडेल. कस्तुरबा मेडिकल कॉलेजात पर्थेसवर बरीच वर्षं काम झालंय. उडुपीकडच्या किनारपट्टीत हा आजार तुलनेने जास्त आढळतो, हे तिथल्याच डॉक्टरांनी दाखवलं. जाताना सगळे एक्स-रे तारीखवार न्या, मोबाइलवरचे फोटो चालत नाहीत.

कुडाळकरीण

जातोय, कोकण रेल्वेने उडुपीपर्यंत. तिथून मणिपालला मुलाला फार चालायला न लावता कसं जायचं आणि हॉस्पिटलजवळ राहायची स्वस्त सोय कुठे, कोणी राहिलं असेल तर कृपया लिहा.