रेड सॉक्सचा सर्वात मोठा क्षण : होमरन नव्हे, चोरलेला एक बेस

फेनवेचा_पाहुणा :
काल आमच्या बॉस्टनच्या मित्रमंडळींत वाद रंगला. रेड सॉक्स या आमच्या बेसबॉल संघाच्या इतिहासातला सर्वात मोठा क्षण कोणता? सगळे डेव्हिड ऑर्टिझच्या होमरनच्या (आपल्या सिक्सरसारखा फटका) बाजूने, मी एकटा डेव्ह रॉबर्ट्सने चोरलेल्या बेसच्या, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पुढचा बेस पळत गाठण्याच्या. तिथे हरलो, म्हणून इथे मांडतो.

१७ ऑक्टोबर २००४. अमेरिकन लीगची अंतिम लढत, सातपैकी चार जिंकायच्या. न्यूयॉर्क यँकीज ३-० ने पुढे, तिसरा सामना तर आमच्याच फेनवे पार्कवर १९-८ ने जिंकलेला. चौथ्यातही नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये ते ४-३ ने पुढे आणि त्यांचा पिचर (म्हणजे बॉलर) मरियानो रिव्हेरा. म्हणजे गाशा गुंडाळायचा. आमच्या केव्हिन मिलारला वॉक मिळाला, म्हणजे चार चेंडू वाइड गेल्याने फुकटात फर्स्ट बेस, आणि त्याच्याऐवजी पळायला रॉबर्ट्स आला. जुलैअखेरीस डॉजर्सकडून आणलेला माणूस. त्या अख्ख्या पोस्टसीझनमध्ये (बाद फेऱ्यांत) एकदाही बॅटिंगला उभा राहिला नाही. ठेवलाच होता पळण्यासाठी. तो बेस चोरणार हे रिव्हेराला माहीत, कॅचर (म्हणजे विकेटकीपर) पोसाडाला माहीत, शेंगदाणेवाल्यालाही माहीत. रिव्हेराने तीनदा फर्स्ट बेसकडे चेंडू फेकून त्याला दटावलं. पुढच्याच पिचवर गडी सुटला. पोसाडाचा थ्रो झकास होता, पण सेकंड बेसवर चेंडू झेलणाऱ्या जीटरचा ग्लोव्ह टेकायच्या आत रॉबर्ट्सचा हात बेसला लागला. व्हिडिओ कितीदा पाहिलाय, दर वेळी वाटतं, आज आउट होणार.

मग बिल म्युलरचा सिंगल (एका बेसचा फटका), त्यावर रॉबर्ट्स सेकंडवरून घरी, म्हणजे होम प्लेटवर आला, ४-४. ऑर्टिझचा होमरन आला बाराव्या इनिंगमध्ये, मध्यरात्र उलटल्यावर. रॉबर्ट्स नसता तर ऑर्टिझ तेव्हा घरी झोपलेला असता.

गल्ली_क्रिकेटर :
असहमत. ही तर आपली चोरटी धाव झाली! चोरटी धाव काढणाऱ्याचा पुतळा उभारतं का कोणी? ऑर्टिझने चौथा सामना होमरनवर जिंकवला आणि पाचवा चौदाव्या इनिंगमध्ये सिंगल मारून. लागोपाठ दोन रात्री. आणि म्युलरला एका ओळीत गुंडाळलंत. त्याने मारलं नसतं तर तुमचा चोर सेकंडवर वारा खात उभा राहिला असता.

फेनवेचा_पाहुणा :
पण साध्या सिंगलवर घरी येता येतं ते सेकंडवरून. फर्स्टवर असता तर म्युलरचा तोच फटका फार तर दुसरा माणूस बेसवर आणता.

केंब्रिजची_सून :
तुम्ही दोघंही जिंकण्यातच अडकलात. आमच्या मामंजींना विचारा, ते १९८६च सांगतील. न्यूयॉर्कच्या मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा (अजिंक्यपदाच्या मालिकेचा) सहावा सामना, दहाव्या इनिंगमध्ये ५-३ आघाडी, मेट्सचे दोन आउट. आणखी एक मिळाला की १९१८ नंतरचा पहिला किताब. तो मिळालाच नाही आणि शेवटी मूकी विल्सनचा घरंगळत आलेला चेंडू आमच्या बिल बकनरच्या पायांतून गेला. ६-५ ने हरलो. मामंजींनी टीव्ही बंद केला आणि न जेवता झोपले. २००४चा किताब गोड लागला तो त्या कडूमुळे.

फेनवेचा_पाहुणा :
ताई, बकनरवर सगळं ढकलू नका. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधीच आमच्या पिचर बॉब स्टॅन्लीच्या वाइल्ड पिचवर (कॅचरला न सापडलेल्या स्वैर चेंडूवर) ५-५ झालं होतं. त्याने तो अडवला असता तरी फक्त सामना पुढे चालला असता. शिवाय सातवा सामना बाकी होता. त्यातही ३-० आघाडी घेऊन ८-५ ने हरलो, ते कुणाच्या पायांतून गेलं?

केंब्रिजची_सून :
मी कुठे ढकललं? २००८ साली फेनवेवर सीझनचा मानाचा पहिला चेंडू टाकायला बकनरला बोलावलं, तेव्हा अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि तो डोळे पुसत होता. मग माझा क्षण तो धरा.

आकडेमोड्या :
तुमच्या कुणाच्याच यादीत २१ जुलै १९५९ नाही. त्या दिवशी शिकागोत पम्प्सी ग्रीन मैदानात उतरला, रेड सॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून खेळला १९४७ साली. त्यानंतर १२ वर्षांनी, मेजर लीगच्या १६ संघांत सर्वात शेवटी आम्ही जागे झालो. याच रॉबिन्सनला एप्रिल १९४५ मध्ये फेनवेवर चाचणीला बोलावलं होतं, पण घेतलं नाही. आमचा दिग्गज बेब रूथ यँकीजना विकल्याचा शाप भोवला, ८६ वर्षं किताब नाही, असं सगळे चवीने सांगतात. रंग पाहून खेळाडू नाकारलेत, तर शाप कशाला हवा? आणि पाहुणे, ग्रीनही त्या दिवशी दुसऱ्याच्या जागी पळायलाच आला होता.

गल्ली_क्रिकेटर :
याला संस्मरणीय म्हणायचं की लाजिरवाणं?

आकडेमोड्या :
लाज लक्षात राहत नाही का?

फेनवेचा_पाहुणा :
ग्रीन पळायला आला होता हे माहीत नव्हतं, खरंच. गप्प केलंत. तरी सामना डोळ्यांसमोर पलटताना बघायचा असेल तर मी रॉबर्ट्सच घेणार.

गल्ली_क्रिकेटर :
घ्या. पण तोच रॉबर्ट्स २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सचा मॅनेजर होता आणि तुम्ही त्याला ४-१ ने धुतलंत. उपकारांची बरी परतफेड!

फेनवेचा_पाहुणा :
एक सामना दिला की त्याला. तोही १८ इनिंगचा.