घरच्या राउटरवर व्हीपीएन: दोन रविवार आणि वर्षाची वर्गणी पाण्यात?

गच्चीवरचा_अँटेना
नमस्कार मंडळी. थोडं चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सेलमध्ये एका परदेशी व्हीपीएन कंपनीची वर्षाची वर्गणी भरली. व्हीपीएन म्हणजे आपलं ट्रॅफिक कुलूपबंद करून आधी त्या कंपनीच्या सर्व्हरकडे नेणारा बोगदा. का, तर ठोस कारण काही नाही. आपण काय बघतो ते इंटरनेटवाल्याला कशाला कळायला हवं, एवढंच. प्रत्येकाच्या फोनवर वेगळं ॲप नको म्हणून थेट राउटरवरच वायरगार्ड (व्हीपीएन जोडणारं सॉफ्टवेअर) चढवलं.

पहिला रविवार. कंपनीची फाइल उतरवली, राउटरला दिली, हँडशेक झाला, म्हणजे दोन्ही टोकांची ओळख पटली. आणि मग गंमत. गूगल उघडतंय, बातम्यांची साइट अर्धी येऊन लटकतेय, बँकेचं पान पांढरंफटक. तीन तास डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलत बसलो. शेवटी वैतागून एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याचा (पॅकेटचा) कमाल आकार, १४२० बाइटचा १२८० केला आणि सगळं धडाधड उघडायला लागलं. का ते आजही कळलेलं नाही.

दुसरा रविवार. सहज आयपी (इंटरनेटवरचा आपला पत्ता) तपासला तर दोन पत्ते दिसले. एक ॲमस्टरडॅमचा आणि दुसरा, तो लांबलचक, नव्या पद्धतीचा आयपीव्ही६ वाला, सरळ आमच्या पुण्याच्या इंटरनेटवाल्याचा. म्हणजे आठवडाभर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं! फाइलमध्ये 'अलाउड आयपीज'च्या ओळीत (बोगद्यातून काय न्यायचं ते) नुसतं ०.०.०.०/०, म्हणजे जुन्या पद्धतीचं आयपीव्ही४ होतं, आयपीव्ही६ साठीचं ::/० कुणी लिहिलंच नव्हतं.

तेही निस्तरलं. मग घरचे उठले. गूगल डच भाषेत बोलायला लागलं, बँकेचं ॲप दर वेळी 'नवीन ठिकाण' म्हणून अडवायला लागलं, आणि संध्याकाळी सासूबाईंच्या मालिकेच्या जागी पाटी आली की हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. "मग मी आहे तरी कुठल्या देशात?" असं त्यांनी मला विचारलं. उत्तर नव्हतं.

तर माझं मत असं की साध्या घरगुती वापराला व्हीपीएन विकत घेणं हे आगीतून फुफाट्यात आहे. आधी इंटरनेटवाला बघत होता, आता ज्याचं तोंड कधी बघितलं नाही अशी कंपनी बघते, आणि त्यासाठी आपणच पैसे मोजतो. साइट तर आता बहुतेक सगळ्या एचटीटीपीएसवरच आहेत, म्हणजे मजकूर आधीच कुलूपबंद. कुणाला पटत नसेल तर बोला.

बारा_पोर्टांचा_स्विच
नाही पटत. दुखणं सेटिंगचं आणि शिव्या औषधाला.

आधी एमटीयूचं. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टण चढवतं. सर्व्हरचा पत्ता आयपीव्ही४ असेल तर ६० बाइटचं, आयपीव्ही६ असेल तर ८० चं. नेहमीच्या १५०० मधून ८० वजा करा, तुमचे १४२० आले. पण तुमच्या फायबरला लॉगिन-पासवर्ड टाकावा लागतो ना? ते पीपीपीओई. ते स्वतःचे ८ बाइट खातं, उरतात १४९२. त्यात १४२० अधिक ८० कसे मावतील? छोटी पॅकेट जातात म्हणून हँडशेक होतो, गूगलचं मोकळं पान येतं. मोठी पॅकेट वाटेत पडतात, आणि 'आकार कमी करा' हा निरोप मधल्या कुणाच्या तरी फायरवॉलने गिळलेला असतो. तुमचा सर्व्हर नक्की आयपीव्ही६ पत्त्याने जोडलेला असणार. १४१२ पुरले असते. १२८० चालतं, पण त्याच्या खाली जाऊ नका, तिथे बोगद्यातलं आयपीव्ही६ बंदच पडतं.

दुसरं, सगळं घर बोगद्यात घालायला सांगितलं कुणी? टीव्ही आणि बँकेचा फोन बाहेर ठेवायचे, हवं ते उपकरण आत. राउटरमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे. ज्या कंपनीने ::/० नसलेली फाइल दिली तिच्या आळशीपणावर तुम्ही सगळ्या व्हीपीएनना फाशी देताय.

गच्चीवरचा_अँटेना
@बारा_पोर्टांचा_स्विच, एमटीयूचं आत्ता कळलं, धन्यवाद. बघितलं, सर्व्हर आयपीव्ही६ च होता. पण माझा मुद्दा सेटिंगचा नव्हता. समजा सगळं नीट बसलं, तरी मिळालं काय?

निवांत_नाना
अँटेनासाहेबांशी सहमत, पण कारण वेगळं. मी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं फसवणुकीच्या तक्रारी बघण्यात गेली. माणूस रडत यायचा, आम्ही कागद पोलिसांकडे द्यायचो, आणि माग निघत निघत परदेशी सर्व्हरपाशी संपायचा. पुढे भिंत. आज सायबर फसवणुकीसाठी १९३० नंबर आहे, तासाभरात फोन केला तर पैसे अडवता तरी येतात, पण माणूस सापडायला हवा ना? म्हणून सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये जो नियम आणला की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, दिलेला आयपी, सगळं पाच वर्षं जपायचं, त्यात मला काही वावगं वाटत नाही. लॉजमध्ये उतरताना रजिस्टरमध्ये सही करतोच की आपण.

पेठेतला_पेंग्विन
नाना, वडीलकीचा मान ठेवून विरोध करतो.

लॉजचं रजिस्टर तुम्ही कुठल्या खोलीत कुणाशी काय बोललात ते लिहीत नाही, हे एक. दुसरं म्हणजे त्या नियमाचं झालं काय ते बघा. २०२२ च्या जूनमध्ये आधी एक्स्प्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर काढले, मग सर्फशार्क आणि नॉर्डनेही. आज एक्स्प्रेसच्या यादीत 'इंडिया' दिसतं ते प्रत्यक्षात सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये बसलेलं असतं, पत्ता फक्त भारताचा. म्हणजे चोराला जी सोय हवी होती ती आहे तिथेच आहे, आणि प्रामाणिक माणसाचा डेटा देशाबाहेर गेला. आणि तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारी, त्यात खरं हत्यार काय असायचं? दुसऱ्याच्या नावाचं सिम आणि भाड्याने घेतलेलं बँक खातं. त्या दोन्हींना केवायसी होतंच की!

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमुखाने सांगितलं. 'लपवायचं काय आहे' हा प्रश्न तिथेच संपायला हवा होता.

आणि अँटेना, 'ती कंपनी बघतेच' हे सरसकट बोलू नका. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन मलवॅड या व्हीपीएन कंपनीच्या कचेरीत गेले होते. ग्राहकांची माहिती साठवलेलीच नाही हे दाखवल्यावर रिकाम्या हाताने परत गेले. खातं म्हणजे नुसता एक आकडा, ना नाव ना ईमेल, महिन्याला पाच युरो, पाकिटात रोख टाकून पाठवले तरी चालतात.

निवांत_नाना
भाड्याच्या खात्याचं मान्य. ती आमच्याच लोकांची हलगर्जी. पण बाळा, पाकिटात रोख घालून घेणारा दुकानदार मला तरी आवडत नाही.

फुकट_ते_पौष्टिक
पाच युरो??? मी प्ले स्टोअरवरून फुकटवालं घेतलंय, दोन वर्षं झाली, मस्त चालतंय.

बारा_पोर्टांचा_स्विच
@फुकट_ते_पौष्टिक, सर्व्हरचं भाडं कोण भरतंय ते एकदा बघा. ओनाव्हो नावाचं फुकट व्हीपीएन फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलं. लोक कुठली ॲप किती वापरतात ते त्यातून फेसबुकला दिसत होतं. २०१८ मध्ये ॲपलच्या स्टोअरवरून ते काढावं लागलं. होलाचं २०१५ मध्ये बाहेर आलं की फुकट वापरणाऱ्यांची लाइन ते दुसऱ्यांना विकत होते, म्हणजे तुमच्या पत्त्यावरून कोण काय करतंय ते तुम्हालाही माहीत नाही. नानांचे पोलीस मग येतील तुमच्या दारात.

फुकट_ते_पौष्टिक
काढलं.

गच्चीवरचा_अँटेना
@पेठेतला_पेंग्विन, मलवॅडचं उदाहरण खरं आहे, पण अशा किती? माझ्या कंपनीच्या जाहिरातीत 'लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन' असं लिहिलंय. चौकशी केली तर तेच एईएस, जे माझ्या बँकेची साइट व्हीपीएन नसतानाही वापरते. असं गिऱ्हाईक गाठणाऱ्यावर मी विश्वास का ठेवू?

आणि खरी गोम वेगळीच आहे. व्हीपीएन चालू करायचं आणि क्रोममध्ये गूगलला लॉगिन करून बसायचं, हे आमच्या पुण्यातल्या स्कूटीसारखं झालं. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये, आणि मागे नंबरप्लेट चकचकीत.

पेठेतला_पेंग्विन
स्कूटी पटली :) पण स्कार्फ काही पोलिसांपासून लपायला नसतो हो, धुरासाठी असतो. तसंच हे. गूगलपासून लपायला नाही, मधल्या माणसासाठी आहे. एचटीटीपीएस असलं तरी कुठल्या साइटवर गेलात ते नाव इंटरनेटवाल्याला बहुतेक वेळा दिसतंच. रात्री दोन वाजता कुठल्या आजाराची साइट बघितली, हे त्याला कळायची गरज नाही. आणि माझा इंटरनेटवाला आधार घेऊन बसलाय, पाच युरोवाला नाही. दोघांपैकी कुणाला कळलेलं परवडतं, हिशोब एवढाच.

आखाती_पाखरू
इथे दुबईत असल्याने दोन शब्द. आमच्याकडे व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, म्हणून नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात व्हीपीएन विचारतो. कायदा असा आहे की गुन्हा करायला किंवा लपवायला दुसऱ्याचा आयपी पत्ता वापरला तर कैद, किंवा पाच ते वीस लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. ऑफिसच्या कामाला कंपनीचं व्हीपीएन सर्रास चालतं. पण आईला कॉल करणं कशात बसतं, यावर आमच्या रूमवर तीन माणसांची चार मतं आहेत. मी परवानगी असलेलं ॲप वापरतो. आवाज फाटतो, पण झोप लागते. 'काही होत नाही रे' असं कृपया कुणी सांगू नका, दंड तुम्ही भरणार नाही.

सांगली_ते_श्टुटगार्ट
विकतचं घेणारे आणि न घेणारे दोघेही चुकताय, स्वतःचं बांधा की! मी इथे जर्मनीत. भारतातल्या काही सरकारी साइट इथून उघडतच नाहीत. विकतच्या व्हीपीएनचा पत्ता ओळखून त्या साइट तोही अडवतात. म्हणून सांगलीला आईबाबांच्या घरच्या जुन्या राउटरवर वायरगार्ड टाकलं. म्हणजे मी सांगलीतून बाहेर पडतो, अस्सल घरचा पत्ता.

फुशारकी झाली, आता भोग. घरच्या इंटरनेटला स्वतःचा पत्ताच नव्हता. राउटरच्या पानावर १०० ने सुरू होणारा आकडा, म्हणजे सीजीनॅट, शेकडो घरांत एकच पत्ता. बाहेरून दार ठोठावता येत नाही. मग मुंबईत एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला आणि सांगलीचा राउटर स्वतःहून त्याला जोडून ठेवला, दर २५ सेकंदांनी एक कीपअलाइव्ह (जागं असल्याचा छोटा निरोप), नाहीतर वाट बुजते. मग कळलं की इथलं आणि सांगलीचं, दोन्ही घरांचं नेटवर्क १९२.१६८.१ च आहे, मग पॅकेट जाणार कुठे? इथलं बदललं.

आणि मग पावसाळा. एका रात्री लाइट गेली, आली, पण बोगदा काही उठेना. बाबांचा मोबाइलवरून फोन, "घरचं नेट मेलंय." चाव्या तपासल्या, पोर्ट तपासला, सगळं जागच्या जागी. चार दिवस बाबा रोज डब्याची पिन काढून लावत होते. कारण निघालं घड्याळ! त्या जुन्या राउटरला बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाइट गेली की तो काही महिने मागे जातो. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना आला की समोरचा सर्व्हर गुपचूप टाकून देतो. एरर नाही, काही नाही. राउटर इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करतो, पण मी आळसाने सगळं ट्रॅफिक बोगद्यातून नेलं होतं. वेळ मिळायला बोगदा हवा, बोगद्याला वेळ हवी. बसा!

शेवटी 'अलाउड आयपीज'मध्ये फक्त आतली रेंज ठेवली. बाबांचं नेट बाबांकडे, माझं माझ्याकडे.

गच्चीवरचा_अँटेना
@सांगली_ते_श्टुटगार्ट, मुंबईचा सर्व्हर तुमच्या नावावर, सांगलीची लाइन बाबांच्या नावावर. मग यात खासगीपणा कुठे आला?

सांगली_ते_श्टुटगार्ट
नाहीच आला. मी कुठे म्हटलं? मला घरी जायचं होतं, लपायचं नव्हतं.

पेठेतला_पेंग्विन
अँटेना, तुमच्या मूळ धाग्यात हाच प्रश्न राहिला होता. कुणापासून, ते ठरवलंच नव्हतं.

बारा_पोर्टांचा_स्विच
एक राहिलंच. 'एचटीटीपीएस आहे की' म्हणणाऱ्यांसाठी नाही, तर 'व्हीपीएन आहे की' म्हणून लॉजच्या वायफायवर बिनधास्त बसणाऱ्यांसाठी. २०२४ च्या मे महिन्यात 'टनेलव्हिजन' नावाची गोष्ट उजेडात आली. वायफायचा मालक डीएचसीपीच्या (नव्या उपकरणाला पत्ता देणारी यंत्रणा) १२१ नंबरच्या ऑप्शनमधून तुमच्या लॅपटॉपला असे रस्ते शिकवू शकतो की ट्रॅफिक बोगद्याला वळसा घालून जातं, आणि ॲप मात्र 'कनेक्टेड' दाखवत राहतं. अँड्रॉइड तो ऑप्शन मानतच नाही, म्हणून वाचलं. तेव्हा बाहेरगावी फोनचा हॉटस्पॉट बरा. आणि फोनवर 'ऑलवेज ऑन' सोबत 'व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवा' हेही चालू करा. दुसरं बटण नव्वद टक्के लोक विसरतात.

निवांत_नाना
हे नव्वद टक्के कुठून आणले?

बारा_पोर्टांचा_स्विच
माझ्या घरातून. दहा जण आहोत, नऊ विसरले.

गच्चीवरचा_अँटेना
बरं, अपडेट देतो. घरात आता दोन वायफाय आहेत. एक साधं, सगळ्यांसाठी. दुसरं बोगद्यातून जाणारं, त्यावर फक्त माझा लॅपटॉप, एमटीयू १४१२, आणि कंपनी बोगद्याच्या आत आयपीव्ही६ देत नाही म्हणून त्या वायफायवर ते बंदच केलंय. वर्गणी संपली की भरणार नाही, ते मत कायम आहे. पेंग्विनचं आजाराचं उदाहरण मात्र डोक्यात राहिलंय.

काल सासूबाईंच्या भावाने येऊन चुकून दुसरं वायफाय पकडलं. त्यांना हवामानाच्या ॲपवर ॲमस्टरडॅमचा पाऊस दिसला आणि ते छत्री घेऊन निघाले.