यलोस्टोन आणि ग्रँड टीटन: दोन मुले, आजी आणि तंबू, मार्ग कसा आखावा?

पाऊलखुणा:
नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. येत्या जुलैच्या उत्तरार्धात स्वतःच्या गाडीने, तंबू बरोबर घेऊन राष्ट्रीय उद्याने पाहावीत असे घरात ठरते आहे. मुलगी सध्या चौथीत आहे, मुलगा पाच वर्षांचा आहे, आणि मे महिन्यात नाशिकहून येणाऱ्या सासूबाईही सोबत असतील. हाताशी दहा-अकरा दिवस आहेत. यजमानांनी आखलेल्या मार्गात झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस, ग्रँड टीटन आणि यलोस्टोन अशी पाच उद्याने आहेत आणि जवळजवळ रोज नव्या जागी तंबू ठोकायचा आहे. मुलांना हे झेपेल असे मला वाटत नाही. पण ‘एवढे लांब जातोच आहोत तर तेही पाहून घेऊ’ या युक्तिवादापुढे माझे काही चालत नाही. कोणती उद्याने गाळावीत, मुक्काम कुठे करावा आणि अस्वलांच्या प्रदेशात पाच माणसांचा स्वयंपाक कसा करावा, हे तिकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

डोंगरयात्री:
यूटातील तिन्ही उद्याने (झायन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस) निःशंकपणे गाळा. जुलैमध्ये आर्चेस आणि झायनला दुपारचा पारा 38 अंशांच्या वर सहज जातो, आणि दिवसभर तापलेल्या खडकांमध्ये तंबूत झोपलेले मूल रात्री कुणालाच झोपू देत नाही. ती उद्याने एप्रिल किंवा ऑक्टोबरसाठी ठेवा. यलोस्टोनचे नेमके उलटे आहे. तिथे जूनमध्येही बर्फ पडू शकतो, त्यामुळे तंबूसाठी जुलै हाच खरा महिना.

जाताना आय-80 महामार्गाने नेवाडा ओलांडून वेल्स गावापाशी उत्तरेकडे वळा आणि ट्विन फॉल्समार्गे आयडाहोमधल्या क्रेटर्स ऑफ द मून या लाव्हाच्या प्रदेशात पहिला मोठा थांबा घ्या. 1969 मध्ये अपोलो मोहिमेतील अंतराळवीरांना ज्वालामुखीचे खडक ओळखायला शिकवण्यासाठी तिथे आणले होते, एवढे सांगितले की मुले काळ्या लाव्हावरून कुरकुर न करता चालतात.

पुढे दोनच तळ ठेवा: यलोस्टोनमध्ये मॅडिसन आणि टीटनमध्ये कोल्टर बे. मॅडिसन पश्चिम प्रवेशद्वारापासून 14 मैलांवर आहे आणि तिथून ओल्ड फेथफुल हे गरम पाण्याचे कारंजे 16 मैल. आठच्या आकड्यासारखा वळणारा ग्रँड लूप रस्ता 142 मैलांचा आहे. नकाशावर तो एका दिवसाचा वाटतो. परंतु वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी 45 मैल आहे, आणि बायसनचा (गव्यासारख्या रानटी बैलांचा) कळप रस्त्यावर आला की तो स्वतःच्या मर्जीने बाजूला होईपर्यंत गाड्यांची रांग हलत नाही. म्हणून एका दिवशी खालचा फेरा आणि दुसऱ्या दिवशी वरचा, असे वाटून घ्यावे. लमार खोऱ्यात लांडगे पाहायचे असतील (1995 मध्ये ते कॅनडातून आणून पुन्हा सोडले गेले), तर पहाटे निघावे लागते. मॅडिसनहून ते अंतर बरेच आहे, आणि पाच वर्षांच्या मुलासाठी मी तो हट्ट धरणार नाही.

आरक्षणाला आजच लागा. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट आणि ब्रिज बे या यलोस्टोनमधल्या तळांचे आरक्षण वर्षभराहून आधी उघडते, त्यामुळे आता रद्द झालेल्या जागांवर डोळा ठेवावा लागेल. कोल्टर बेच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात, म्हणजे तुमच्या तारखांसाठी याच महिन्यात. फिशिंग ब्रिजला जागा दिसली तरी घेऊ नका. अस्वलांच्या वावरामुळे तिथे तंबूला परवानगी नाही.

चुलीपाशी:
स्वयंपाकाविषयी लिहिते. मॅडिसन जवळजवळ 6,800 फुटांवर आहे आणि तिथे पाणी साधारण 93 अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी डाळ एकीकडे आणि पाणी दुसरीकडे असेच राहते. तीन लिटरचा कुकर न्यावा, तूरडाळीऐवजी मूगडाळ न्यावी, आणि मोहरी, जिरे, हिंग, हळद व मेतकूट एकाच मिसळणाच्या डब्यात भरावे. सकाळी पोह्यांइतके सोयीचे काही नाही, कारण ते भिजवायचे असतात, शिजवायचे नसतात. पहिल्या दोन दिवसांसाठी घरून दशम्या आणि कोरडी चटणी न्यावी; सासूबाईंच्या हाती हे काम आनंदाने सोपवता येईल.

अस्वलांचा नियम मात्र कडक आहे आणि तो फक्त अन्नापुरता नाही. कूलर, रिकामी भांडी, कचऱ्याची पिशवी, टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल हे सारे वापरून झाले की लगेच तळावरच्या लोखंडी पेटीत किंवा काचा लावून बंद केलेल्या गाडीत गेले पाहिजे. तंबूत बिस्किटाचा तुकडाही नको. मुलांच्या खिशातील शेंगदाणे आणि लिमलेटच्या गोळ्या झोपण्यापूर्वी काढून घ्या. त्या नेमक्या मोठ्यांच्या लक्षात राहत नाहीत. भांडी घासलेले पाणी झाडाखाली न ओतता ठरलेल्या मोरीत टाकायचे असते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात बेअर स्प्रेला (अस्वलाला रोखणाऱ्या तिखट फवाऱ्याला) बंदी असल्यामुळे बे एरियातील लोकांना त्याची सवय नसते, पण यलोस्टोनमध्ये पायी फिरताना तो जवळ बाळगण्याचा सल्ला उद्यानच देते. तो समोरून येणाऱ्या अस्वलासाठी आहे. तंबूवर किंवा अंगावर मारायचा नाही.

आणखी एक: मॅडिसनला आंघोळीची सोय नाही. कॅन्यन किंवा ग्रँटला जाल त्या दिवशी ती उरकून घ्यावी.

सरोवर:
वरील मार्गाशी मी सहमत आहे, परंतु आजींना आठवडाभर जमिनीवर झोपवण्याला माझा विरोध आहे. जुलैतही पहाटेचे तापमान शून्याच्या आसपास उतरू शकते, आणि त्या थंडीत अंधारात टॉर्च घेऊन स्वच्छतागृहापर्यंत चालत जाणे गुडघे दुखणाऱ्या माणसाला जाचक होते. कोल्टर बेला लाकडी खोल्या मिळतात. तिथे तरी त्यांच्यासाठी पलंग घ्या. यलोस्टोनमध्ये तंबूच असेल तर घडीची खाट आणि खाली जाड गादी हवी, कारण थंडी अंगावरच्या पांघरुणापेक्षा खालून अधिक लागते.

मुलगी चौथीत आहे, हा योग दवडू नका. इथल्या चौथीच्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा मोफत पास मिळतो, तो 31 ऑगस्टपर्यंत चालतो आणि गाडीतील कुटुंबालाही लागू होतो. मात्र 2026 पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या सोळा वर्षे व त्याहून मोठ्या पर्यटकांना यलोस्टोन व ग्रँड टीटनसह अकरा उद्यानांत जादा शुल्क लावले आहे, तेव्हा आजींच्या बाबतीतला नियम निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर वाचून घ्या.

पाऊलखुणा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. यूटा रद्द झाले आहे. यजमानांनी 38 अंशांचा आकडा दोनदा वाचला आणि मुकाट्याने कागद फाडला. एकच शंका उरते. धाकटा अजिबात हात धरू देत नाही. उष्ण झऱ्यांच्या परिसरात त्याला न्यावे का?

डोंगरयात्री:
न्यावे, पण हात धरण्याविषयी तडजोड नाही. फळ्यांच्या वाटेबाहेरची जमीन घट्ट दिसली तरी कित्येक ठिकाणी तो पातळ पापुद्रा असतो आणि खाली उकळते पाणी असते. उद्यानाच्या इतिहासात तिथे भाजून वीसहून अधिक माणसे दगावली आहेत. अनेक वाटांना कठडे नाहीत. ग्रँड प्रिझमॅटिक हा रंगीत उष्ण झरा त्याला फेअरी फॉल्सच्या वाटेवरील टेकडीवरून दाखवा. रंगही तिथूनच नीट दिसतात. ओल्ड फेथफुलला बसायला बाके आहेत आणि पुढचे कारंजे केव्हा उडेल याची वेळ लिहिलेली असते, साधारण दहा मिनिटे मागेपुढे धरून. प्राण्यांपासूनचे अंतरही मुलांना आधी सांगून ठेवावे: अस्वल आणि लांडग्यापासून 100 यार्ड, बायसन आणि एल्क या मोठ्या हरणापासून 25. बायसन गरीब गाईसारखा चरत असतो, पण यलोस्टोनमध्ये माणसांना सर्वांत जास्त जखमी त्यानेच केले आहे.

पहिल्याच दिवशी दोघांनाही ज्युनियर रेंजरची (उद्यानाच्या छोट्या रक्षकाची) पुस्तिका घेऊन द्या. ती भरून दिल्यावर रेंजर मुलांकडून शपथ वदवून घेतात आणि बिल्ला देतात. हात धरण्याचा नियम त्या रेंजरच्याच तोंडून धाकट्याला ऐकवा. आईबापांचे न ऐकणारी मुले गणवेशातल्या माणसाचे ऐकतात.