जाळं भरलं म्हणजे मासा परत आला का?

तळ्याकाठचा: काल इथंच एकानं लिहिलं: रामटेककडच्या तलावात दोन वर्षं जाळी बंद होती, आता सहा किलोचा कटला निघाला, म्हणजे मासा परत आला, बंदी उठवा. वाचून डोकं फिरलं. अहो, कटला साचलेल्या तळ्यात अंडी घालतच नाही, त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे तो बोटाएवढं पिल्लू, बोटुकली असताना कुणीतरी सोडलेला. तलाव सावरला का, हे तळ्यातच अंडी घालणारी मरळ मासळी सांगते. आमच्या तलावात तिचं बीज कुणी टाकत नाही. पावसाळ्यात काठच्या गवताशी पिल्लांचा लालसर घोळका श्वास घ्यायला वर येतो, तेवढंच पाणी बुडबुडतं, खाली आईबाप राखणीला. लहानपणी काठ फिरताना असे घोळके मोजून दमायचो. गेल्या पावसाळ्यात एकच दिसला.

बर्डीकर: पोस्ट माझीच. घोळके मोजणं हा काय हिशेब झाला? एक जाळं, दोन तास, अठरा किलो मासा. डोळ्यांनी पाहिलं बाप्पा!

तळ्याकाठचा: महिना कोणता?

बर्डीकर: मे.

तळ्याकाठचा: मग काय! मे मध्ये पाणी आटतं, उरलासुरला मासा खोलगट जागी गोळा होतो. तिथं टाकलेलं जाळं भरणारच. दरवर्षी त्याच महिन्यात, तेवढीच जाळी, तेवढेच तास टाका. किलोसोबत लांबीही मोजा. सगळे मोठेच निघाले अन् लहान एकही नाही, तर पुढची पिढी कुठाय?

ढिवराची पोर: तुमचं मोजणं चालू द्या. पण मूळ पोस्टमध्ये आम्हा मासेमारांबद्दल "ढिवरांनी तलाव उपसला" असं लिहिलंय, त्याचं काय? माझे बाबा अंड्याची मरळ हाती लागली तर परत सोडायचे. बारीक जाळी ठेकेदारानं आणली. पेंचच्या जंगलातल्या तोतलाडोह जलाशयाचंही तसंच. तिथल्या मासेमारीच्या ३०५ परवान्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, १९९७ मध्ये कोर्टानं अटी घालून परवाने राहू दिले. तरी चोर म्हणून बोट आमच्यासारख्यांकडंच!

निवृत्त मास्तर: मच्छरदाणीसारखी जाळी मी तुमच्याच लोकांच्या हातात पाहिलीय, ताई.

ढिवराची पोर: हातात होती, खरंय. मजुरीवर ओढत होते. माझा काका त्यातच होता. संध्याकाळी घरी येऊन जेवायचा नाही, म्हणायचा, आज बोटाएवढी पोरं मारली. जाळं कुणाचं होतं ते विचारा, मास्तर.

निवृत्त मास्तर: बरं, ठेकेदाराचा दोष मोठा. पण काकानं नाही म्हणायला हवं होतं.

ढिवराची पोर: चूल तुम्ही पेटवली असती काय?

बर्डीकर: भांडू नका. ढिवरांबद्दलचं वाक्य काढतो, चूक झाली. मे चं जाळंही धरत नाही, घ्या. पण बंदीत ज्यांची रोजी गेली त्यांना किती वर्षं थांबवणार? या पावसाळ्यात मीही येतो घोळके मोजायला.

ढिवराची पोर: या. आधी बाबांना विचारा, मरळ कुठं बसते त्यांना ठाऊक आहे. आणि घोळका दिसला की गळ टाकून राखणीची मरळ उचलणारे शहरातले पोट्टे आधी हटवा. आई गेली की त्या पिल्लांना दुसरे मासे खाऊन टाकतात.