अनुभव धागा : निदानानंतरचे दोघे

गेल्या वर्षी आषाढात माझ्या पत्नीला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. पोट फुगल्यासारखे वाटते, दोन घास खाल्ले की पुढे जात नाही, अशी तिची तक्रार होती आणि चार महिने आम्ही तिच्यावर ॲसिडिटीच्या गोळ्यांचा मारा करत होतो. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसले, सीए-१२५ ही रक्तचाचणी, जी साधारणपणे ३५ च्या आत असावी लागते, ती ९०० च्या पुढे आली आणि नंतरच्या पंधरवड्यात ‘स्टेज तीन सी’, म्हणजे पोटात पसरलेला आजार, हे शब्द आमच्या घरात भाजीच्या भावासारखे उच्चारले जाऊ लागले. तीन केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा तीन केमो असा क्रम ठरला आणि तो पारही पडला. आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते.

या काळात उपचार सुचवणारे पुष्कळ भेटले. गव्हांकुरांच्या रसापासून कुठल्याशा डोंगरावरच्या वैद्यापर्यंत सर्व पत्ते आमच्याकडे जमा आहेत. मात्र अशा घरात नवरा आणि बायको एकमेकांशी नेमके काय बोलतात, काय बोलायचे टाळतात आणि टाळलेल्याचे पुढे काय होते, हे मला कुणीही सांगितले नाही. बायोप्सीचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तिने मला पहिला प्रश्न विचारला तो असा, “लॉकरची किल्ली कुठे असते, तुला माहीत आहे का?” लग्नाला २९ वर्षे झाली होती आणि मला ते माहीत नव्हते. तिने वही काढली आणि गॅसचा ग्राहक क्रमांक, कामवाल्या बाईंचा पगार, कुणाची भिशी कोणत्या महिन्यात, असे एकेक सांगू लागली. मी चिडून घराबाहेर पडलो, कारण मला वाटले की हिने हात टेकले. ती तिची बोलण्याची रीत होती, हे मला फार उशिरा समजले. पुढे आम्ही कामे वाटून घेतली. फाईल माझ्याकडे आणि नातेवाइकांचे फोन तिच्याकडे. ‘कशी आहे’ हे तिच्याविषयी मला विचारलेले तिला खपत नसे.

औषधे आणि पथ्ये यांविषयी येथे लिहू नये, ही विनंती. आपल्या दोघांत काय घडले, एवढेच लिहावे. कुणीही आपले किंवा इतरांचे नाव देऊ नये.

पत्नी, लातूर जिल्हा

माझ्या यजमानांना तोंडाचा कर्करोग झाला. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण आमच्या गावच्या पानटपरीला ती कधी जाणवली नाही. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना, तेव्हा आम्ही मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. डाव्या बाजूचा जबडा काढला आणि मांडीचे मांस व कातडी घेऊन गाल उभा केला. नंतर सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, एकूण ३० शेक, म्हणजे किरणोपचार, झाले. त्या काळात आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. रेल्वेच्या सवलतीत रुग्णाला स्लीपरचे भाडे पडत नाही आणि सोबत्यालाही पाऊण भाडे माफ होते. हे आम्हाला धर्मशाळेतल्याच एका बाईने सांगितले, तोवर आम्ही दोन फेऱ्या पूर्ण तिकीट काढून केल्या होत्या.

शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस त्यांना बोलता येत नव्हते. मी मुलीची पाटी नेली होती. लग्नानंतरच्या सतरा वर्षांत ते माझ्याशी जितके बोलले नसतील तितके त्या पाटीवर लिहून बोलले, हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. तोंडाने बोलायचे तेव्हा हुकूम असायचा आणि ऐकण्याआधीच ते दारातून बाहेर पडलेले असायचे. लिहायला मात्र वेळ लागतो, समोरच्याने वाचेपर्यंत थांबावे लागते, आणि मला वाचायला वेळ लागायचा, म्हणून त्यांना आणखी थांबावे लागायचे. नाकातल्या नळीने मी नाचणीची पातळ पेज आणि दूध देत असे. एकदा त्यांनी लिहिले, “तू जेवलीस?” हा प्रश्न त्यांनी आयुष्यात प्रथमच विचारला. मी काहीच उत्तर दिले नाही, पाटी पुसली आणि पुढची पेज गाळायला घेतली.

मी त्यांना माफ केले, असे कुणी समजू नये. शेक चालू असतानाच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मला एक पुडी सापडली. खायला तोंड उघडत नव्हते, तरी त्यांनी ती जवळ ठेवली होती. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, “मी उद्या गावी जाते.” वास्तविक मी तोंडाने बोलू शकत होते, पण मीही लिहिलेच. त्यांनी पुडी खिडकीतून टाकली. आज ते बोलतात. उच्चार स्पष्ट नसतात, मला समजतात, इतरांना मी सांगते. बँकेचे आणि सोसायटीचे व्यवहार आता मी बघते.

पती, कोल्हापूर

पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला. दर २१ दिवसांनी एक अशा चार केमो लाल औषधाच्या आणि नंतर दर आठवड्याला एक अशा बारा, असा तिचा कार्यक्रम होता. पहिल्या केमोनंतर अठराव्या दिवशी उशीवर केसांचा पुंजका दिसला. कुठेतरी वाचले होते म्हणून मी सलूनमध्ये जाऊन स्वतःचे डोके तासून घेतले आणि मोठ्या अभिमानाने घरी आलो. तिने दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “कोण गेलं?” पुढचे दोन दिवस गल्लीतले तीन जण भेटायला आले आणि प्रत्येकाने दारातच हळू आवाजात तेच विचारले. तिचे म्हणणे एवढेच होते की, आजार तिचा आहे आणि तिच्या जिवंतपणी तिच्या नवऱ्याने मुंडण करून गावभर फिरू नये. मला त्यावर उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

दुसरा प्रसंग गौरीपूजनाचा. दुपारी तिला कणकण वाटू लागली. केमोनंतर आठव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात आणि तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला तर क्रोसिन घेऊन घरी बसायचे नाही, सरळ रुग्णालय गाठायचे, हे आम्हाला बजावून सांगितलेले होते. थर्मामीटर १००.८ दाखवत होता. घरात सवाष्णी जेवायला बसलेल्या, पुरणपोळ्यांचे ताट तिच्याच हातात आणि ती म्हणत होती की पंगत उठू दे. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर ओरडल्याचे मला आठवत नाही, त्या दिवशी पाहुण्यांदेखत ओरडलो. पाच दिवस सलाईनमधून प्रतिजैविके द्यावी लागली. तिने मला त्या पाच दिवसांत एकदाही बरोबर किंवा चूक म्हटले नाही. पुढच्या वर्षी गौरींना मात्र पुरण मी शिजवले आणि ते खाली लागले, याची वाच्यता तिने सर्वत्र केली.

शस्त्रक्रियेनंतरच्या जवळिकीविषयी आपल्याकडे पुरुष लिहीत नाहीत, म्हणून दोन वाक्ये लिहितो. मला वाटत होते की मी तिला वेळ देतो आहे. तिला वाटत होते की मी तिला टाळतो आहे. या गैरसमजात आमचे सात महिने गेले आणि तो दूर करणारी व्यक्ती आमच्यापैकी नव्हती, तर ड्रेसिंग करणारी परिचारिका होती, जिने मला स्पष्ट सांगितले की पट्टी बदलताना बाहेर जाऊन उभे राहत जाऊ नका.

पत्नी, इंग्लंड

माझ्या पतीला वयाच्या ४४ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. उपचारांचा खर्च येथे आरोग्यसेवा करते, औषधांच्या चिठ्ठीचे शुल्कही कर्करुग्णांना माफ आहे, त्यामुळे पैशाची चिंता आम्हाला नव्हती. आमची चिंता नाशिकला होती. त्याच्या आईवडिलांना सांगायचे नाही, असे त्याने ठरवले आणि मी ते मान्य केले.

त्याला ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचे औषध देत होते. या औषधाने थंडीची संवेदना विलक्षण वाढते. फ्रीजमधले दूध काढायला त्याला हातमोजे घालावे लागत, थंड पाण्याचा घोट घेतला तर घशात काचा टोचल्यासारखे होई, आणि हे सगळे जानेवारीत चालू होते. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी विचारले, “घरात हातमोजे कशाला रे?” तो म्हणाला, “हीटर बिघडलाय.” पुढच्या रविवारी सासऱ्यांनी हीटर दुरुस्त झाला का विचारले, त्याच्या पुढच्या रविवारीही विचारले, आणि मग ते मला विचारू लागले की तू कंपनीला फोन का करत नाहीस. सहा महिने मी त्या घरातली निष्काळजी सून होते. आजारी तो होता, खोटे आम्ही दोघे बोलत होतो आणि बोल मला एकटीला बसत होते.

मी एकदा त्याला म्हणाले की मला आता हे झेपत नाही. तो म्हणाला की ते रडले तर त्यांना सांभाळण्याची शक्ती माझ्यात नाही. त्या वाक्यावर मी गप्प बसले. उपचार संपल्यावर आम्ही नाशिकला जाऊन समोरासमोर सांगितले. सासूबाई आजही माझ्याशी पूर्वीसारख्या बोलत नाहीत, मुलाशी बोलतात.

महिला, वय ३६

वरचे अनुभव वाचून वाटते की आजारात जोडपी जवळ येतात. माझे तसे झाले नाही आणि तेही येथे नोंदले जावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर आठवड्याभरात मला माहेरी पोहोचवण्यात आले. ‘तिथे विश्रांती मिळेल’ असे कारण दिले गेले. २५ शेक, दर आठवड्याची केमो आणि शेवटी आतून दिले जाणारे शेक, या सर्वांना माझा भाऊ सोबत होता. प्रत्येक ठिकाणी ‘मिस्टर कुठे आहेत’ असे विचारले जाई आणि भाऊ माझ्याआधी उत्तर देई की ते बाहेरगावी असतात. नवरा एकदा आला, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर माझी सही हवी होती म्हणून. उपचार पूर्ण होऊन दोन वर्षे झाली, तपासण्या चांगल्या येत आहेत. मी शिवणकाम करते आणि मुलगा माझ्याजवळ आहे. याहून जास्त लिहिण्याची इच्छा नाही.

पती, निवृत्त, विदर्भ

पत्नीला स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि तो यकृतात पोहोचल्यावरच कळला. तिला काही सांगायचे नाही, असे मी व दोन्ही मुलांनी ठरवले. आम्ही ‘पित्ताशयाला सूज आहे’ म्हणत राहिलो. ज्या इमारतीत तिला दर पंधरा दिवसांनी नेत होतो, तिच्या दारावर हातभर अक्षरांत ‘कर्करोग’ असे लिहिलेले होते आणि पत्नी चौथीपर्यंत का होईना शिकलेली होती, याचा विचार आमच्यापैकी एकानेही केला नाही.

शेवटच्या दोन महिन्यांत वेदना वाढल्या. डॉक्टरांनी दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी सांगितली. मला मॉर्फिन म्हणजे व्यसन एवढेच ठाऊक होते, म्हणून मी रात्रीची गोळी परस्पर वगळू लागलो. तिला सवय लागू नये, हा माझा हेतू होता. पाचव्या रात्री ती पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, “अहो, मला किती दिवस राहायचंय की सवय लागेल?” मी दिवा लावला. आम्ही पहाटेपर्यंत बोललो. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मला कळल्याचे तुम्हाला कळले तर तुमचे नाटक उघडे पडेल आणि तुम्ही खचाल, म्हणून गप्प राहिले, असे ती म्हणाली. पाच महिने आम्ही एकमेकांना जपण्यासाठी एकमेकांशी खोटे बोललो होतो, तिचे खोटे माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार होते. त्यानंतर गोळी वेळेवर दिली. तिला अठरा दिवस मिळाले, त्यांपैकी बहुतेक दिवस ती शुद्धीवर होती आणि पोटात दुखत नसल्यामुळे गप्पा मारत होती. धाकट्या सुनेला कोणत्या पाटल्या द्यायच्या, इथपासून माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आहे, इथपर्यंत सर्व बोलणे झाले. वगळलेल्या त्या चार गोळ्या मात्र मी विसरू शकत नाही. ज्यांच्या घरी आज ही गोळी आली असेल त्यांनी ती वेळेवर द्यावी, एवढ्यासाठी, औषधांविषयी लिहू नये ही विनंती मोडून, हे लिहिले.

पत्नी, पुणे

सर्वांत वरचा अनुभव ज्यांनी लिहिला आहे त्यांची मी पत्नी. त्यांनी लिहिलेले मी आज दुपारी वाचले आणि एक दुरुस्ती करणे आवश्यक वाटले. फाईल त्यांच्याकडे असते हे खरे, परंतु ते कागद तारखेप्रमाणे पहिला वर, शेवटचा खाली असे लावतात, त्यामुळे प्रत्येक वेळी डॉक्टर ताजा रिपोर्ट शोधत पाने उलटत बसतात आणि हे शेजारी उभे राहून घाम पुसतात. मी दर वेळी आदल्या रात्री ती फाईल उलट लावून ठेवते. त्यांना हे आजवर माहीत नव्हते. लॉकरची किल्ली अजून त्यांनी हातात घेऊन पाहिलेली नाही, तीही या आठवड्यात दाखवीन. शुक्रवारी रक्त द्यायचे आहे, शनिवारी सीए-१२५ येईल.