साथ आली तर विलगीकरणातले रुग्ण फोनवर सांभाळावेत का?

गोदाकाठचा : २०२७ च्या पावसाळ्यात नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकला सिंहस्थ कुंभमेळ्याची पर्वस्नानं आहेत. रस्ते, घाट, पार्किंग यांची चर्चा रोज होते. साथ पसरली तर विलग केलेल्या रुग्णांकडे कोण बघणार, यावर कुणी बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे : फोनवरचा डॉक्टर हीच पहिली फळी असावी.

एप्रिल २०२१ मध्ये बाबा कोविड होऊन पंचवटीतल्या घरी मागच्या खोलीत होते. आमचे नेहमीचे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ व्हिडिओ कॉल करायचे. सहाव्या दिवशी ऑक्सिमीटर ९५ दाखवत होता, म्हणून आम्ही निर्धास्त. डॉक्टर म्हणाले, कॉल चालू ठेवा आणि त्यांना खोलीतच सहा मिनिटं चालवा. चालून बसले तेव्हा आकडा ९०. बाबांना धापसुद्धा लागली नव्हती. रात्रभर वणवण करून पहाटे नाशिकरोडला बेड मिळाला. बाबा आज समोर बसून पेपर वाचतात. डॉक्टर एकदाही घरी आले नव्हते. घरोघरी फिरले असते तर त्यांना दिवसाला किती रुग्ण बघता आले असते? आणि ते स्वतः आजारी पडले असते तर?

सिडकोची सून : तुमचे बाबा वाचले कारण कॉलच्या या बाजूला तुम्ही होतात. माझे काका एकटे राहायचे. त्यांना रोज हेल्पलाइनचा फोन यायचा, रोज नवा आवाज. ताप आहे? खोकला? ऑक्सिजन किती? काका म्हणायचे, ९६. ते गेल्यावर घर आवरताना ऑक्सिमीटर हातात आला, सेल संपलेले. कुणाला आपला त्रास नको म्हणून ते आकडा सांगत राहिले. नोंदीत शेवटच्या दिवसापर्यंत ‘प्रकृती स्थिर’. पहिली फळी म्हणताना हेही धरा.

गोदाकाठचा : काकांचं वाचून फार वाईट वाटलं. पण ताई, ती हजेरी होती, तपासणी नव्हती. व्हिडिओ असता तर डॉक्टरांनी ऑक्सिमीटर बोटाला लावून दाखवायला सांगितलं असतं. तोच डॉक्टर रोज असता तर आवाजातला फरकही कळला असता.

सातपूरचा जीपी : २५ मार्च २०२० ला दूरवैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आली. प्रत्यक्ष तपासणी लागेल का, हे त्यात डॉक्टरच्याच निर्णयावर सोडलं आहे. तो निर्णय आजारागणिक बदलतो. कोविडमध्ये हातात एक आकडा होता आणि बहुतेकदा काही दिवसांचा अवधी. कॉलऱ्यात तो नाही. जुलाब-उलट्यांनी माणूस काही तासांत कोरडा पडतो. चिमटीत धरलेली कातडी किती वेळाने खाली बसते, नाडी किती क्षीण आहे, हे हाताने बघावं लागतं आणि सलाइन तर फोनवरून लावता येत नाही. सिंहस्थ पावसाळ्यात आहे, तेव्हा मला आधी धास्ती दूषित पाण्याची वाटते. तिथे फोन पहिली फळी ठेवलात तर माणसं जातील.

गोवराचं उलट आहे. रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. असं मूल माझ्या वेटिंग रूममध्ये बसवण्यापेक्षा व्हिडिओवर त्याचे श्वास मोजलेले बरे. मात्र ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पाजायला कुणीतरी दारात जायलाच हवं.

मालेगावकर : सगळे मागची खोली आहे असं धरून बोलत आहात. २०२० मध्ये मालेगाव हॉटस्पॉट होतं. यंत्रमाग कामगाराच्या एका खोलीत आठ माणसं. त्यातला एक विलग कुठे करणार? मे २०२१ मध्ये सरकारनेच १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना कोविड केंद्रांत हलवायचं ठरवलं, कारण घरी राहून घरंच्या घरं बाधित होत होती. फोनची सोय झाली की अधिकाऱ्यांना केंद्र उघडायची निकड वाटत नाही, ही माझी खरी भीती.

सुरगाण्याची आशा : आमच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. घरात फोन एकच, तोही धनी द्राक्षबागेत कामाला गेला की त्याच्याबरोबर जातो. कोविडमधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेच्या वेळी आम्ही आशा सेविका घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन गेलो होतो. डॉक्टरचा कॉल माझ्या फोनवर आला तर मी बोट धरून आकडा घेईन, जीभ बघेन, खोटं चालणार नाही. पण रिचार्ज आणि मास्क माझ्या मानधनातून नकोत.

गोदाकाठचा : कॉलऱ्याबद्दल डॉक्टरांचं मान्य, तिथे ‘पहिली फळी’ मागे घेतो. श्वसनाच्या साथीसाठी मात्र ठाम आहे. मालेगावकर, केंद्र उघडलं तरी आत डॉक्टर कमीच पडतात. तिथल्या खाटेवरूनही व्हिडिओ लागतो.

सिडकोची सून : मला एवढंच सांगा. रुग्णाने लागोपाठ दोनदा फोन उचलला नाही, तर तासाभरात त्याच्या दारावर कोण जाणार? प्रत्येक प्रभागात त्या माणसाचं नाव आधी ठरवा आणि भिंतीवर लावा. मग माझा विरोध नाही.